पाचगणीला दोघंच

सासूबाईंना जाऊन दहा महिने झाले होते, तरी माझे पाय दर दोन तासांनी पुढच्या खोलीकडे वळायचे.

सहा वर्षं त्या अंथरुणावर होत्या. अर्धांगवायूनं डावं अंग गेलं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाठीला जखमा व्हायला नको असतील तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल. मी सहा वर्षं कूस बदलली. एक जखम होऊ दिली नाही. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो. कुणी थांबवलं नाही तर मी पुढंही सांगत सुटते, म्हणून इथंच आवरते.

आता त्या खोलीत कॉट नव्हती. तिच्या जागी मी माझं शिलाई मशीन ठेवलं होतं. भाजी चिरता चिरता मी उठायची, त्या दारात जाऊन उभी राहायची आणि परत यायची. टीव्ही लावायची, बंद करायची. दुपारी आडवी झाले तर डोळा लागायच्या आत दचकून उठून बसायची, काहीतरी करायचं राहिलंय असं वाटून. पूर्वी मी बालवाडीत शिकवत होते. सासूबाई पडल्या तेव्हा ती नोकरी सोडली. परत विचारायला गेले तर तिथं माझ्या मुलीच्या वयाची बाई होती आणि पोरं तिच्या अंगाखांद्यावर खेळत होती. मी दारातूनच माघारी आले.

आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्तर आहेत. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवतं, तसाच रंग हजारो टॉवेलांना आणून द्यायचा, हे त्यांचं काम. नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग असतो. बोलणं मुळातच कमी. सासूबाई होत्या तेव्हा कामावरून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "आईनं काय खाल्लं?" मग, "औषध संपलंय का?" मग, "आज कशी होती?" मी सविस्तर सांगायची. तेवढं बोलणं आम्हाला संध्याकाळभर पुरायचं. आता ते येऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "काय मग?"

"काय नाही," मी म्हणायची.

संपलं.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. तिथं ती नोकरी करते. चार दिवस ती हे बघत होती. जायच्या आदल्या दिवशी जेवताना तिनं एकदम विचारलं, "तुम्ही दोघं कधी कुठं फिरायला गेलाय का?"

"गेलोय की," मी म्हटलं. "तुळजापूर, गाणगापूर, अक्कलकोट."

"देव सोडून."

ह्यांनी आठवून सांगितलं, "तुझ्या ॲडमिशनला पुण्याला गेलतो."

"पप्पा, देवाला नाही, कामाला नाही आणि बरोबर तिसरं कुणी नाही. असं कधी?"

आम्ही दोघंही आठवत राहिलो. लग्नानंतर महाबळेश्वरला जायचं बोलणं झालं होतं. तेव्हा नणंदेचं लग्न निघालं, मग मी गरोदर राहिले, मग ते बोलणंच विसरलं गेलं. मुलीनं ताट बाजूला सारलं आणि फोन आमच्यासमोर धरला. पाचगणीतला एक दगडी बंगला होता. उतरतं कौलारू छप्पर, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, आत भिंतीत शेकोटी.

"इंग्रजांच्या काळातला आहे," ती म्हणाली. "कुणी साहेब आणि त्याची मडम राहायची. आता आपल्याला राहायला देतात."

ह्यांनी चष्मा लावला. "म्हंजे दुसऱ्याच्या जुन्या घरात जाऊन झोपायचं?"

"हेरिटेज म्हणतात त्याला."

"आपलं घरबी जुनंच हाय की."

पण फोन त्यांनी परत दिला नाही. बोटांनी चित्र मोठं केलं आणि कौलांकडे बघत राहिले. "हा लाल बघ," मला म्हणाले. "ऊन-पावसानं उडालेला हाय. असा रंग कुणी मागितला तर मला चारदा तरी घोळवावा लागंल."

मुलीला तेवढं पुरलं. तिनं तिथल्या तिथं तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री ठरवून टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेली.

त्यानंतर माझं जे सुरू झालं त्याला तयारी म्हणायचं की आणखी काही, मला ठाऊक नाही. पहिल्यांदा पाण्याचा हिशेब निघाला. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. मी बोटांवर मोजलं तर बरोबर त्या शुक्रवारी पाण्याचा दिवस येत होता. मला आत कुठंतरी बरंच वाटलं. शेजारी तेलुगू अक्का राहतात, त्यांना मी भिंतीवरून म्हटलं, "बघा की अक्का, नेमकं पाणी आडवं आलं. जाणं काय होत नाही आमचं."

अक्का पापड वाळत घालत होत्या. "चावी द्या," त्या म्हणाल्या. "मी भरते."

"तुमचंच भरून होत नाही तुमच्यानं."

"होत न्हाई, खरं हाय. पण भरते. तुमी जावा की ओ! आमच्या मालकानं मला गावातल्या तळ्यापलीकडं नेलं न्हाई अजून."

पाण्याचा अडसर असा निघाला. मग मी थंडीचा काढला. ह्यांच्या छातीत कफ होतो. मग घाटाचा. मला बस लागते. मग गॅसच्या सिलिंडरचा, मग तुळशीचा. अक्का प्रत्येकाला "मी बघते" म्हणायच्या. दोन आठवडे आधीच मी बॅग भरली. दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर काढून परत भरलं. कडक भाकरी घेतल्या, शेंगाची चटणी घेतली, परत वाटलं तिथं बंगल्यात बसून शेंगाची चटणी कुठं खायची, म्हणून काढून ठेवली. तासाभरानं पुन्हा आत घातली. माझे हात कामात असले की डोकं शांत राहतं, असा माझा समज होता. तो त्या दिवसांत खोटा ठरला.

संध्याकाळी हे विचारायचे, "तितं थंडी किती असंल?"

"मला काय माहीत."

"न्हाय, आपलं विचारलं."

एका दुपारी मी त्या बंगल्यावर फोन लावला. अंघोळीला गरम पाणी असतं का, जेवणाचं कसं, एवढंच विचारायचं होतं. एका बाईनं उचलला. आवाज मोठा मोकळा होता. त्याच बंगला सांभाळत होत्या.

"गरम पाणी भरपूर," त्या म्हणाल्या. "जेवण मी स्वतः करते. किती माणसं तुम्ही?"

"दोघंच."

"लहान पोरं, म्हातारं माणूस कुणी बरोबर?"

"नाही," मी म्हटलं. "म्हातारं माणूस नाही."

"मग झकास. एक सांगून ठेवते ताई, आमच्याकडे टीव्ही नाही. फोनलाही रेंज जेमतेम. लोक त्याचसाठी येतात. व्हरांड्यात बसायचं, चहा घ्यायचा, दोघांनी निवांत बोलत राहायचं."

"दिवसभर?" मी विचारलं.

"दिवसभर," त्या हसून म्हणाल्या.

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात फरशीवरच बसले. व्हरांडा, वेताच्या दोन खुर्च्या, एकीत हे, दुसरीत मी. समोर झाडं. सकाळचा चहा होईल. मग? मी मनाशी म्हणून बघितलं, आपण काय बोलू. मुलीबद्दल बोलू, ते दहा मिनिटांत संपेल. कारखान्याबद्दल ते सांगत नाहीत. माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. सहा वर्षं आमच्यामध्ये एक माणूस झोपलेलं होतं आणि आमचं सगळं बोलणं त्या माणसाच्या अंगावरून इकडून तिकडे जात होतं. ते माणूस उठून गेलं होतं. आता आम्ही समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत राहणार आणि संध्याकाळपर्यंत दोघांनाही कळणार की आपल्यात काही शिल्लक नाही. सोलापुरात निदान ते झाकलेलं तरी होतं.

पंधरा मिनिटांनी मी पुन्हा फोन लावला. "आमचं येणं होत नाही," मी म्हटलं. "रद्द करा."

"अगोबाई! का हो? आत्ताच तर बोललो."

"घरात आजारपण आहे."

"कोण आजारी आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई."

"असू दे, असू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काळजी घ्या त्यांची. घरातलं म्हातारं माणूस आधी. तुम्ही पुन्हा कधीही या."

फोन ठेवल्यावर मी पुढच्या खोलीत गेले आणि शिलाई मशीनसमोर उभी राहिले. भिंतीवर त्यांचा फोटो होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

त्या दिवशी हे रोजच्यापेक्षा उशिरा आले. हातात पिशवी होती. दिवाळीनंतर नेपाळी लोक रस्त्याकडेला स्वेटर विकायला बसतात, तिथून आले होते. चहाही न घेता त्यांनी एक स्वेटर अंगात घातला, गडद हिरवा, आणि आरशासमोर उभे राहिले. सोलापूरच्या उकाड्यात त्यांच्या कपाळावर लगेच घाम आला.

"बरा दिसतोय का?"

"दिसतोय."

"तुलाबी आणलाय." त्यांनी दुसरा काढला. अंजिरी रंग होता. "स्वेटरवालीनं लाल दाखवला, गुलाबी दाखवला. मी म्हटलं न्हाय, ढिगातला तळाचा काढा. अर्धा ढीग उपसायला लावला मी तिला." आणि मग ते हसायला लागले. "आज कारखान्यात सगळ्यांना कळलं. रजेचा अर्ज दिला ना मी. पोरं म्हणायला लागली, मास्तर हनिमूनला निघाले. सुपरवायझर म्हणला, एवढ्या वर्षांत तुमचा आजारपणाशिवायचा अर्ज पहिल्यांदा बघतोय. सगळ्यांनी मिळून थर्मास दिलाय बघ."

पिशवीतून खरंच थर्मास निघाला. ते सांगत होते आणि मी बघत होते. कारखान्यातली गोष्ट त्यांनी घरी येऊन अशी रंगवून सांगितल्याला किती वर्षं झाली होती, मला आठवेना. मी स्वेटर हातात घेऊन उभी होते. आत्ता सांगावं, असं वाटलं. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. बुकिंग तिच्या फोनवरून झालं होतं, मेसेज तिलाच जाणार, हे मी विसरलेच होते.

"मम्मी, रद्द झाल्याचा मेसेज आलाय. कारण लिहिलंय, सासूबाई आजारी." मग तिनं विचारलं, "तू आजीचं नाव सांगितलंस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पप्पांना माहीत आहे?"

"न्हाय. तूच सांग ना त्यांना, बंगलेवाल्यांनीच रद्द केलं म्हण."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. चिडली नव्हती, पण ठाम होती. "मी परत बघितलं, ती खोली गेली आता दुसऱ्याला. तुमचं काय आहे ते तुम्हीच एकमेकांना सांगा. दर वेळी मधे कुणीतरी कशाला लागतं तुम्हाला?"

हे बोलणं मला लागलं. तरी चार दिवस मी गप्पच राहिले. ह्या चार दिवसांत ह्यांनी एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या, उलटीच्या गोळ्या आणल्या आणि दाढीचं सामान पिशवीत घालून ठेवलं. मी घरभर फिरत होते. एक डबा उचलून दुसरीकडे ठेवत होते, तिथून पुन्हा पहिल्या जागी.

पाण्याचा दिवस रविवारी आला, निघायच्या आधीचा रविवार. सकाळी अकराच्या सुमाराला अक्कांनी हाक मारली, "पाणी आलं ओ!" गल्लीत सगळीकडे मोटारी सुरू झाल्या. मी अंगणातल्या बॅरलमध्ये पाईप धरून उभी होते, हे जिन्यावर टाकीपाशी होते. मी एकदम म्हटलं, "अहो, मी बुकिंग रद्द केलंय."

"काय?" मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

"बुकिंग रद्द केलंय!"

"कसलं?"

"पाचगणीचं! रद्द केलं मी पाचगणीचं!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की भिंतीपलीकडे अक्का कळशी हातात घेऊन थबकल्या. हे जिन्यावरून माझ्याकडे बघत राहिले. टाकी भरून पाणी खाली वाहायला लागलं तरी त्यांनी पाईप काढला नाही.

"का?"

"मला भीती वाटली."

"कशाची? घाटाची?"

"तुमची," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला तशी मी घाईनं पुढं बोलले, "तसं नाही. तुमच्याशी काय बोलायचं, त्याची. तीन दिवस. आपण दोघंच. तिथं टीव्हीसुद्धा नाही."

त्यांनी खाली येऊन मोटार बंद केली. ओल्या पायांनी आत गेले. मी बॅरलपाशीच उभी राहिले. अक्का हळूच आत निघून गेल्या. बऱ्याच वेळानं हे दारात आले.

"काय कारण सांगितलंस त्यांना?"

"आई आजारी हाय म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी रागवावं असंच मला हवं होतं. पण ते म्हणाले, "रजा मंजूर झालीय माझी. आता जर मी शुक्रवारी कारखान्यात दिसलो तर पोरं वर्षभर चिडवतील. आपण जाऊया. एवढं गाव हाय, एखादं लॉज असंलच की."

"आणि बोलायचं काय?"

"न्हाय बोलायचं. आमच्या खात्यात मशीनचा आवाज असतो, आठ आठ तास मी कुणाशी बोलत न्हाय. मला काय होत न्हाय त्याचं."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. त्यांनी मला खिडकी दिली. पंढरपूर गेलं, माळशिरस गेलं, मी बॅगेची चेन उघडत होते, लावत होते. चावी अक्कांना दिली की नाही हे मी दोनदा विचारलं. "दिली," ते म्हणायचे आणि पुन्हा समोर बघायचे. वाईला गाडी बदलली. पसरणीच्या घाटात माझे कान बंद झाले, पण उलटी झाली नाही. वर पोचलो तर हवा एकदम वेगळी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओकची उंच झाडं, काळ्या दगडाच्या बुटक्या भिंती, आणि कोट-टाय घातलेली शाळेची पोरं रांगेत चाललेली. आम्ही दोघांनी रस्त्यातच उभं राहून स्वेटर चढवले.

तीन लॉजवाल्यांनी नाही म्हटलं. चौथा बाजाराच्या मागं होता. खोली अरुंद, खिडकीतून एका जुन्या दगडी चर्चची मागची भिंत दिसायची. दुपारचे चार वाजले असतील. मी म्हटलं, जरा पाठ टेकते.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. मला वाटलं अजून संध्याकाळच आहे. हे खुर्चीत बसून थर्मासमधला चहा पीत होते. सकाळचे साडेसात वाजले होते.

"उठवलं का नाही मला?" मी ताडकन उठले.

"कशाला उठवायचं?" ते म्हणाले. "साधी कूससुद्धा बदलली न्हाईस तू. मी बघत होतो. एकदा तर नाकापाशी बोट धरून बघितलं, श्वास चाललाय का."

माझ्या वाटणीचा वडापाव टेबलावर कागदात गुंडाळून गार झाला होता. मी तो तसाच खाल्ला.

नाश्त्यानंतर ह्यांनी म्हटलं, तो बंगला बघून येऊ. मी नको म्हणत होते. पण त्यांना कौलांचा रंग समोरून बघायचा होता. विचारत विचारत आम्ही पोचलो. फाटकाशी एक बाई पाचोळा झाडत होती. तिनं मान वर करून विचारलं, "खोली पाहिजे का?" फोनवरचा तोच आवाज. मी ह्यांच्या मागं सरकले.

"न्हाय," हे म्हणाले. "नुसतं बघायला आलोय. तुमची कौलं लई चांगली हायत."

बाई खूष झाली. तिनं आम्हाला आत नेलं. व्हरांडा दाखवला, शेकोटी दाखवली, ही कौलं शंभर वर्षांची आहेत, फुटलं तर तसलं कौल आता कुठं मिळत नाही, असं सगळं सांगितलं. वेताच्या खुर्च्यांवर एक जोडपं आपापल्या फोनमध्ये बघत बसलं होतं. मी नुसती मान हलवत होते.

"मॅडम काही बोलत नाहीत," बाई म्हणाली.

हे माझ्याकडे वळले. त्यांना कळलं होतं, मी का गप्प आहे ते. चेहरा अगदी सरळ ठेवून ते म्हणाले, "त्यांचा घसा बसलाय. परवा पाणी भरताना लई ओरडल्या."

फाटकाबाहेर येऊन वळणापर्यंत मी कसंबसं धरून ठेवलं. मग मला हसू फुटलं. ते असं फुटलं की मला रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर बसावं लागलं. हेही बसले. दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शाळेची दोन पोरं जाता जाता आमच्याकडे वळून बघत होती.

दुपारी लॉजवर जायच्या आधी चर्चचं फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरलो. आवारात जुन्या कबरी होत्या. काही दगड कलले होते, शेवाळ चढलं होतं. ह्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून सांगत होते. एक दगड एका बाईचा होता. वय वर्षं तेवीस, अमक्याची बायको. त्याच्या खाली चार ओळींत तिच्या बाळाबद्दल लिहिलं होतं, ते अकरा दिवसांचं होतं.

"कुटनं आली आसंल," हे म्हणाले. "आणि इतं राहिली."

आम्ही तिथल्या बाकावर बसलो. खूप वेळ कुणी बोललं नाही. मला तेव्हा ते जड वाटलं नाही. मग मी म्हटलं, "आई गेल्या ना, त्या दिवशी मी आधी त्यांचे डोळे मिटवले. मग आत जाऊन चहा केला. एकटीनं बसून पूर्ण कप प्याले. मग तुम्हाला फोन केला. मला हलकं वाटत होतं. तेव्हापासून मी हे कुणाला बोलले नाही."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ते नखांकडे बघत होते.

"तुझा फोन आला तेव्हा रंग चढत होता," ते म्हणाले. "आकाशी. मधेच सोडला तर सगळा माल डागाळतो. पण दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. मी सांगितलं न्हाय. मी तितंच उभा राहिलो, पुरता रंग चढेपर्यंत. चाळीस मिनिटं. मग सायकल काढली." त्यांनी अंगठ्यानं एक नख घासलं. "सुटली, असं वाटलं मला. आणि तूबी सुटलीस, असं वाटलं. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आईबद्दल असं कसं वाटतं माणसाला."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. घराबाहेर असं मी कधी केलं नव्हतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, पण हात काढला नाही.

"मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस," ते म्हणाले. "सहा वर्षं तुझी गेली. मी नुसता येऊन विचारायचो, काय खाल्लं, कसं हाय."

"रागावलेच होते," मी म्हटलं. "अजूनही थोडी आहे."

"आसू दे," ते म्हणाले.

मी बदलून परत आले असं काही झालं नाही. रविवारी सकाळी लॉजवर मी दोनदा बॅग उघडून सामान तपासलं. बसस्टँडवर गाडी यायला पाऊण तास होता, तर मी त्या पाऊण तासात सहा वेळा उठून फलक बघून आले. हे बाकावर स्ट्रॉबेरीची पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

गाडी घाट उतरून वाईला आली, तिथून आम्ही फलटणची गाडी धरली. ह्या वेळी खिडकीशी ते होते. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुला शाळेत कुठला विषय आवडायचा?"

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"भूगोल," मी म्हटलं.

"का?"

मग मी सांगायला लागले. माझ्या माहेरी, जेऊरच्या शाळेत जगाचा एक मोठा नकाशा होता, तो भिंतीवर लावायला खिळा नव्हता म्हणून दोन मुलींना हातात धरून उभं राहावं लागायचं. मी उंच होते, म्हणून मला कायम नकाशा धरावा लागायचा आणि मला तो मागूनच दिसायचा. गुरुजी समोरून देश दाखवायचे आणि मी मागं उभी राहून नुसती नावं ऐकायची. ते ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, "मग समोरून कधी बघितलास?" तेही मी सांगितलं. फलटण आलं तरी मी बोलतच होते.